दुकान माझं, मेल ज्याचा त्याचा

सकाळी साडेसात

शटर वर केलं की आधी झाडू, मग उदबत्ती, आणि मग मी टेबलाखाली वाकतो. सीपीयूच्या मागे कीबोर्डची वायर जिथं खोचलेली असते तिथं बोट फिरवून पाहतो. वायर आणि यंत्राच्या मधे बोटाच्या पेराएवढा एखादा अनोळखी प्लग बसलेला नाही ना, एवढंच पाहायचं असतं. तसला प्लग कोणी लावून गेलं तर दाबलेली प्रत्येक कळ त्यात साठत जाते, पासवर्डसुद्धा. माझ्या दुकानात तसलं काही सापडलेलं नाही. पण दिवसभर माणसं येतात-जातात, आणि पाहायला वेळ लागतो तरी किती?

सावरगावात माझं एमपी ऑनलाइनचं कियोस्क आहे. मध्य प्रदेश सरकार आणि टीसीएस यांच्या भागीदारीतून २००६ साली ही व्यवस्था उभी राहिली आणि हळूहळू गावोगावी अशी दुकानं निघाली. कॉलेजचा प्रवेश, भरतीचा फॉर्म, समग्र आयडीची केवायसी, खसऱ्याची नकल, वीजबिल, सगळं इथूनच होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या ज्या दोन काठांमधे गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, होते, त्या काठांवरची माणसं बाकी वर्षभर एकमेकांच्या दुकानांत येऊन बसतात. समोरच्या काठावरच्या पांढुर्ण्याचे काही जण तर मुद्दाम पूल ओलांडून माझ्याकडे येतात. आपण कोणत्या नोकरीचा फॉर्म भरून राहिलो हे आपल्या गल्लीत कळू नये, असं त्यांना वाटतं. त्यांचं ते वाटणं मला पटतं.

दुकानात दोन कॉम्प्युटर आहेत. एकावर मी काम करतो, दुसऱ्यावर पोरं स्वतः बसतात. त्या दुसऱ्यावर विंडोजची दोन खाती आहेत: एक माझं, पासवर्ड लावलेलं, आणि एक गिऱ्हाइकांचं, ज्यातून कोणाला नवीन सॉफ्टवेअर बसवता येत नाही. ब्राउझरमधे ‘पासवर्ड सेव्ह करायचा का’ हा प्रश्नच मी बंद करून ठेवलाय. फॉर्म आपोआप भरून देण्याची सोयही बंद. नाहीतर पुढच्या पोराने एक अक्षर टाइप केलं की मागच्या पोरीचा ईमेल पत्ता आणि मोबाइल नंबर खाली हजर. डेस्कटॉपवर ब्राउझरचं एकच चिन्ह आहे आणि ते दाबलं की थेट इन्कॉग्निटो खिडकी उघडते. ही सगळी मांडणी एकदाच करावी लागते. रोज सकाळी ती जागेवर आहे की कोणी बदलली, एवढंच बघायचं.

साडेआठ

पहिली गिऱ्हाइकं शाळा-कॉलेजची. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसायचं तर रजिस्टरमधे नाव, ओळखपत्र आणि वेळ लिहावी लागते. सायबर कॅफेसाठी केंद्र सरकारने एप्रिल २०११ मधे नियम काढले, त्यात हे आहे, आणि ती नोंद निदान वर्षभर जपायची असते. पण हेच रजिस्टर काउंटरवर सताड उघडं असलं की दहाव्या नंबरची व्यक्ती वरच्या नऊ जणांची नावं आणि नंबर वाचून घेते. म्हणून मी पुठ्ठ्याचा एक तुकडा कापून ठेवलाय. लिहायची ओळ सोडून वरचं सगळं त्याखाली झाकलेलं असतं.

त्या रजिस्टरमधे पासवर्ड कोणाचाच नाही. आमच्या धंद्यात एक वेगळी वही ठेवायची पद्धत आहे: गिऱ्हाइकाचं नाव, आयडी, पासवर्ड. वही ठेवणारे सगळेच लबाड असतात असं नाही. बहुतेकांना गिऱ्हाइकाची सोयच करायची असते. प्रवेशपत्र काढायला पोरगा तीन महिन्यांनी येतो, पासवर्ड विसरलेला असतो, वहीतून काढून दिला की दोघांचाही वेळ वाचतो. गिऱ्हाईकच म्हणते, “भाऊ, तुमच्यापाशीच लिहून ठेवा ना, आमच्याकडून हरपते.” तरी मी लिहीत नाही. ती वही माझ्या गल्ल्यात असेल, पण मी जेवायला गेलो की गल्ल्यावर दुसरं कोणी बसतं, आणि गावातल्या निम्म्या पोरापोरींची खाती त्या एका वहीत असतात. त्यापेक्षा ज्याचा पासवर्ड त्याने आपल्या हाताने कागदावर लिहावा आणि घरच्या पेटीत, अंकसूचीबरोबर ठेवावा. कागदावर पासवर्ड लिहू नये असं शहाणी माणसं सांगतात. ते ऑफिसातल्या टेबलासाठी ठीक आहे. आमच्याकडे घरची पेटी माझ्या वहीपेक्षा कितीतरी बरी.

दहा

जूनमधे दहा वाजता येणारं माणूस बहुतेक प्रवेशाचं असतं. आज बाप आणि पोरगी आले. पोरगी बारावी पास झालेली, हातात प्लास्टिकच्या फाइलमधे सगळे कागद क्रमाने लावलेले.

“भाऊ, इले कॉलेजात टाकायचं हाय. फॉर्म भरून द्या.”

“तिचा ईमेल आहे का, काका?”

“इच्या भावाचा टाका ना. नाहीतर तुमचाच टाका. आमच्या घरी कोण पाहते मेल?”

दुकानाचाच मेल टाकून मोकळं होणं सगळ्यात सोपं आहे आणि तसं सर्रास होतं. मी काकांना विचारलं, “यादी लागल्याची खबर मेलवर आली आणि मी तेव्हा सौंसरला लग्नात असलो, तर?” तेवढं त्यांना पटलं. बाकीचं मी पोरीला सांगितलं, कारण ते तिच्या कामाचं होतं. आज कॉलेजचा फॉर्म आहे, पुढे स्कॉलरशिप, मग भरती, मग नोकरी. यातल्या प्रत्येक ठिकाणी ‘पासवर्ड विसरलात?’ असं एक बटण असतं आणि ते दाबलं की नवा पासवर्ड बनवायची लिंक मेलवरच येते. मेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात बाकीच्या सगळ्या दारांच्या किल्ल्या. आमच्याकडच्या पोरींना मेलवर पत्रं फारशी येत नाहीत, किल्ल्याच येतात. म्हणून हा मेल भावाच्या नावाचा नको, माझ्या तर नकोच नको.

नवीन खातं उघडायला बसलो. पासवर्डची चौकट आली तशी मी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. आधी सांगून ठेवलं होतं: नाव आणि पुढे १२३ नको, जन्मतारीख नको, एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोड, तुलाच सुचतील असे, घरातल्या कोणालाही ओळखता येणार नाहीत असे. ती एका बोटाने टाइप करत होती. मागून बापाचा आवाज आला, “काय टाकून राहिली व?” पोरगी म्हणाली, “सांगायचं नसते, बाबा.” काका हसले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. मला फार बरं वाटलं.

खरी अडचण पुढे होती. खातं परत मिळवण्यासाठी मोबाइल नंबर मागतात. घरात मोठा फोन एकच आणि तो दिवसभर भावाजवळ. तोच नंबर टाकला तर चार शब्दांचा पासवर्ड फुकट: भाऊ केव्हाही ‘विसरलात?’ दाबून आलेला कोड टाकणार आणि आत जाणार. मी विचारलं, “आईजवळ फोन आहे का?” आहे, पण बटणांचा, जुना. तोच चालतो! कोड साध्या मेसेजने येतो, त्याला इंटरनेट लागत नाही. पोरीने आईला फोन लावला, आईने शेजारच्या बाईकडून आकडे वाचून घेतले आणि खातं उघडलं. आईचं बटणाचं डबडं त्या घरात पोरीच्या मेलची राखण करू शकतं, हे बापालाही नवीन होतं आणि त्याने ते ऐकून घेतलं. फॉर्म जमा झाल्याची पावती आली ती तिच्याच मेलवर. ती तिनेच उघडली, तिनेच बाहेर पडायचं बटण दाबलं.

बाहेर पडल्यावरही एक पायरी उरते आणि ती बहुतेकांना माहीत नसते. साध्या खिडकीत साइन आउट केलं तरी लॉगिनच्या पानावर तुमचं नाव आणि पत्ता तसाच दिसत राहतो. तिथं ‘खातं काढून टाका’ असा पर्याय असतो, तो वापरावा. इन्कॉग्निटो खिडकी असेल तर ती, आणि तसल्या सगळ्या खिडक्या, बंद कराव्या. एक जरी उघडी राहिली तरी आतलं लॉगिन जिवंत राहतं.

साडेअकरा

घामाघूम पोरगा आला. काल नागपूरला परीक्षा होती, स्टेशनजवळच्या एका दुकानात प्रवेशपत्राची प्रिंट काढली आणि गाडी सुटेल म्हणून तसाच पळाला. मेल तिथं उघडाच. “आता परत नागपूर जाऊ का जी?”

जायची गरज नसते. जीमेल कॉम्प्युटरवर उघडला की पानाच्या अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात शेवटच्या वापराची वेळ लिहिलेली असते आणि तिच्याखाली ‘डिटेल्स’. ते दाबलं की छोटी खिडकी उघडते: कुठून, केव्हा, कोणत्या यंत्रावरून मेल पाहिला गेला. त्याच खिडकीत बाकीच्या सगळ्या जागांवरून एकदम बाहेर पडायचं बटण आहे. पोराने ते दाबलं आणि नागपूरचं दार इथून बंद झालं. मग पासवर्ड बदलायला लावला. त्यानंतर सेटिंगमधे जाऊन आणखी एक गोष्ट पाहायला लावली, जी घाईत सगळे विसरतात: आपला मेल गुपचूप दुसऱ्या पत्त्यावर पुढे पाठवायची सोय कोणी चालू करून ठेवली नाही ना. तसं कोणी केलं असेल तर पासवर्ड दहादा बदलून उपयोग नाही, तुमची टपाल तिकडे जातच राहते. त्याचं कोणी काही केलेलं नव्हतं. पोरगा बाकावर टेकला, पाणी प्यायला.

दीड

लाइन गेली. इन्व्हर्टर जुना आहे, एका कॉम्प्युटरचा भार कसाबसा ओढतो. दुसरा धाडकन बंद पडला. लाइन जाण्यात मेलची काय भानगड, असं कोणालाही वाटेल. भानगड लाइन आल्यावर होते. साधी खिडकी उघडी असताना यंत्र बंद पडलं, तर पुन्हा चालू केल्यावर ब्राउझर अदबीने विचारतो, मघाची पानं परत आणू का? पुढचं पोरगं हो म्हणतं आणि मघाशी उठून गेलेल्या माणसाचा मेल जसाच्या तसा समोर येतो. इन्कॉग्निटो खिडकीतली पानं अशी परत येत नाहीत. आमच्या भागात दिवसातून केव्हाही लाइन जाते. दुकानातलं सगळं काम त्याच खिडकीत ठेवायचं, हे मी तेवढ्यासाठी ठरवलं.

पण तिच्यावर भलता भरवसा नको, हेही मी पोरांना सांगतो. ती खिडकी पुढच्या गिऱ्हाइकापासून वाचवते, दुकानदारापासून नाही. कीबोर्डमागचा प्लग तिला दिसत नाही, मागे उभ्या माणसाचे डोळे तिला दिसत नाहीत, आणि तिच्यातून उतरवलेली फाइल डाउनलोडच्या फोल्डरमधे तशीच पडून राहते.

अंधारात बसल्या बसल्या डबा खाल्ला. कुठल्याही यंत्रावर उघडणाऱ्या मेलचा जन्मच दुसऱ्याच्या नजरेच्या या चिंतेतून झाला, हे मला नेहमी आठवतं. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यानंतर वर्षाच्या आत, ४ जुलै १९९६ला, सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी अमेरिकेत हॉटमेल चालू केला. दोघे नोकरीत होते आणि स्वतःच्या धंद्याचा बेत शिजत होता. ऑफिसच्या यंत्रावरून आपलं खाजगी बोलणं साहेबांच्या नजरेला पडू नये म्हणून मेल एका यंत्राला बांधलेला नको, कुठल्याही ब्राउझरमधे उघडता यावा, ही कल्पना त्यांना सुचली. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपलं खाजगी राहावं यासाठी निघालेली ती वाट होती, आणि पुढे तीच वाट आमच्या दुकानांपर्यंत आली.

तीन

एक म्हातारे बाबा आधारची प्रिंट काढायला आले. नातवाने फाइल फोनवर पाठवली होती. त्यांनी फोन पुढे केला, “व्हॉट्सअ‍ॅप तुमच्या मशीनवर लावून घ्या, मागचा भाऊ तसंच करते.”

मी लावत नाही. फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप कॉम्प्युटरला जोडलं की ते जोडलेलंच राहतं, माणूस घरी गेला तरी. सुनेचे, पोरांचे, व्याह्याचे सगळे मेसेज माझ्या पडद्यावर. त्याऐवजी फाइल दुकानाच्या नंबरवर पाठवून घेतो, प्रिंट काढतो आणि बाबांच्या देखत पुसतो: मेसेजमधून, डाउनलोडमधून, आणि कचऱ्याच्या डब्यातून. आधीच कुठं जोडून ठेवलं असेल तर फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधे जाऊन तोडून देतो. बाबांचे दोन अनोळखी कॉम्प्युटर जोडलेले निघाले. दोन्ही तोडले.

आधारच्या फाइलला पासवर्ड असतो म्हणून लोक निर्धास्त राहतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं आणि जन्माचं वर्ष. फाइल उघडणाऱ्याला नाव ठाऊक असतंच, वर्षाचा अंदाज गावात कोणीही बांधतो. मे २०२२ मधे आधारच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढून सांगितलं होतं की सार्वजनिक कॉम्प्युटरवर ई-आधार उतरवू नका, उतरवलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा. लोकांचा गैरसमज होईल म्हणून दोनच दिवसांत ते मागे घेतलं गेलं. प्रती पुसायचा सल्ला मात्र रास्त होता आणि मी तो पाळतो.

साडेचार

या वेळेला जे आलं ते दर थोड्या दिवसांनी येतंच. ओळखीचा माणूस, माझ्याहून मोठा. बायकोने कुठलातरी फॉर्म भरलाय, तिला न सांगता पाहायचं आहे. “मेल मागच्या वर्षी तुमच्याच इथं उघडला होता. तुमच्यापाशी असनच. बायकोच हाय ना माझी, कोणी परकी थोडीच?”

“माझ्यापाशी नाही, दादा. आणि असता तरी दिला नसता. वहिनींना घेऊन या, त्या उघडतील.”

“लय मोठा झाला बाप्पा तू.”

लहान गावात हे सोपं नाही. इथं प्रत्येक जण कोणाचा तरी काका, मामा, साडू. नाही म्हटलं की ते लग्नाकार्यात निघतं. काही गिऱ्हाइकं तुटतात, तीही मी पाहिली आहेत. तरी यात मला कधी दोन मनं झाली नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६सी कलम सांगतं की दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. नवरा, बाप, भाऊ म्हणून त्यात वेगळी सूट लिहिलेली नाही. २४ ऑगस्ट २०१७ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. तो हक्क दिल्लीहून सावरगावात आणून कोणी वाटत नाही. इथं तो माझ्या काउंटरवर राहतो किंवा इथंच जातो. त्या बाईने मागच्या वर्षी माझ्यासमोर बसून खातं उघडलं, आणि मी तेव्हा खुर्ची फिरवली होती. नवऱ्याला आज काय उत्तर द्यायचं ते तेव्हाच ठरलं होतं.

सहा

एका भरतीची आज शेवटची तारीख. दुकानात उभं राहायला जागा नाही. हा दिवसातला सगळ्यात उघडा तास.

नियमाने आडोसा नसलेल्या कॉम्प्युटरचा पडदा मोकळ्या जागेकडे तोंड करून ठेवावा लागतो, आणि आडोसा केलाच तर तो जमिनीपासून साडेचार फुटांपेक्षा उंच नको. दुकानात भलतंसलतं काही चालू नये, यासाठी ते आहे आणि ते बरोबरच आहे. पण तेच तोंड रांगेतल्या माणसांकडेही असतं. मी बाक दोन हात मागे सरकवला, पडद्यावरची अक्षरं बारीक ठेवली आणि ज्याचा नंबर त्यानेच टेबलाशी यायचं ठरवलं. एवढ्याने बराच फरक पडतो.

सगळ्यात वाईट सवय ओटीपीची. “ओटीपी सांगा!” असं दुकानदार ओरडतो आणि गिऱ्हाईक सहा आकडे खणखणीत आवाजात वाचतं, जसा काही लकी ड्रॉचा नंबर लागला. माझ्याकडे आकडे कोणी बोलायचे नाहीत. कीबोर्ड समोर, फोन हातात, स्वतः दाबा. वाचता न येणारी बाई असली तर तिचा फोन पाहून मी दाबतो, पण आधी मेसेज वाचून दाखवतो: हा कोड कशासाठी आलाय, कोणाकडून आलाय. पुष्कळदा तिला ते पहिल्यांदाच कळत असतं.

साडेआठ

गर्दी ओसरली. डाउनलोडचं फोल्डर रिकामं केलं, कचऱ्याचा डबा रिकामा केला. स्कॅनरचं फोल्डर वेगळं असतं, ते लोक विसरतात. त्यात आज फोटो, सह्या आणि अंगठे होते. प्रिंटरच्या रांगेत एक अडकलेलं प्रवेशपत्र होतं, ते काढून टाकलं. मग कागदांची टोपली. वाकड्या निघालेल्या आधारच्या, बँक पासबुकाच्या, अंकसूचीच्या प्रती. रद्दीत दिल्या की त्यांच्या पुड्या होतात आणि कोणाचा तरी खाते नंबर फुटाण्यांबरोबर गावभर फिरतो. मी त्या बारीक फाडून घरी नेतो, चुलीत जातात.

कुलूप लावत होतो तेवढ्यात फोन वाजला. सकाळी दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसून गेलेला पोरगा.

“भाऊ, मी पासवर्ड विसरलो. तुमच्या मशीनमधे असन ना?”

“नाही. तू गेला तेव्हाच पुसला गेला.”

“मग आता?”

“मेलला नंबर कोणाचा लावला?”

“माझाच.”

“मग काळजी कायची? सकाळी फोन घेऊन येजो. दहा मिनिटांत नवा करू, आणि ह्या वेळेस घरी लिहून ठेवजो.”